पाच पॉइंट नऊ

टे नदीवरचा वारा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
खिडक्या बंद असल्या तरी येतो.
डंडीत माझं तेरावं वर्ष, अजून कळलं नाही कुठून.
शनिवारी दहा ते एक. मोडकं आणा, दुरुस्त करून न्या,
चहाचे पैसे डब्यात.

फर्गस डथींनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून
एक सर्किट काढलं. त्यांनीच जोडलेलं,
घड्याळांच्या कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत, अठ्ठ्याऐंशी साली.
दारावरची बेल दाबली की घरात दिवा लुकलुकतो.
बायकोला ऐकू येत नाही, लहानपणापासूनच.
दोन आठवडे दिवा गप्प,
आणि पोस्टमन 'घरी कोणी नव्हतं' अशी चिठ्ठी टाकून जातो,
ती घरात असताना. त्यावर ती चिडते, हातांनी,
आणि हातांनी चिडलेलं, ते म्हणाले,
फार स्पष्ट ऐकू येतं.

तीन पायांचा काळा रेग्युलेटर.
आत किती का येईनात, बाहेर पाचच द्यायचे
हा त्याचा जन्मभराचा वसा.
मीटर लावला. पाच पॉइंट नऊ.

आधी मधल्या पायावर संशय.
ग्राउंड सुटलं की व्होल्टेज वर चढतं
(परदेशात राहणाऱ्या बाईला इथे
काहीतरी बोलायचा मोह होतो. मी आवरला).
टाका पुन्हा तापवला. थेंब चमकला, बसला.
पाच पॉइंट नऊ.

कपॅसिटर म्हातारे असतील, दोन्ही बदलले.
भार कमी पडत असेल, एक रेझिस्टर लटकवला, बोट पोळलं.
पाच पॉइंट नऊ.
रेग्युलेटरच उपटला, केरात टाकला, नवा घातला.
तोही तेच. तोही केरात.
तिसरा, वेगळ्या पाकिटातला, वेगळ्या देशात घडलेला,
तोही शपथेवर सांगितल्यासारखा
पाच पॉइंट नऊ.

तीन अनोळखी माणसं एकच खोटं बोलत नाहीत,
हे तेव्हाच सुचायला हवं होतं.
अ‍ॅडॉप्टरचे नऊ मला दहा पॉइंट सहा दिसले,
तेव्हाही मी म्हटलं, भार नसला की चढतातच.
कारण मीटर गोंधळेकर सरांचा.
मिरजेच्या पॉलिटेक्निकात शेवटच्या दिवशी
"आकड्याशी भांडू नकोस, शैलजा" म्हणत
माझ्या हातात ठेवलेला.

डथींनी खिशातून टॉर्चच्या सेलचं पाकीट काढलं,
दातांनी फोडलं, एक कोरा सेल
काही न बोलता माझ्यापुढे ठेवला.
दीड व्होल्टचा. नवा असला तर थोडा जास्त.
मीटर म्हणाला, एक पॉइंट आठ सहा.

आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत बसलो.
त्यांचा चहा गार झाला, तो त्यांनी तसाच प्यायला.

मीटरची पाठ उघडली. आतली चौकोनी बॅटरी अर्धमेली.
ती संपत आल्याची खूण पडद्याच्या ज्या कोपऱ्यात उमटते
तो कोपरा कधीचाच विझलेला.
कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली, डथींच्या पैशांनी.
पाच पॉइंट शून्य एक.

केराच्या डब्यातून, ओल्या चहाच्या पिशव्यांखालून
दोन रेग्युलेटर शोधून काढले, पुसले,
पाय सरळ केले.
दोष दारावरच्या बटणात निघाला. गंज.
पॉलिश पेपरचे चार हात, मिनिटभराचं काम.

ते गेले. मुलं खुर्च्या एकमेकींत खोचत होती.
मी नोंदवही उघडली. फेब्रुवारीपासूनच्या पानांवर
माझंच सुवाच्य अक्षर:
रेडिओ, व्होल्टेज जास्त, निकामी.
लहान मुलीचा कीबोर्ड, निकामी.
कोणाच्या तरी वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर,
ठेवून उपयोग नाही. खाली सही.

पहिला नंबर लॉकीतल्या एका बाईंचा.
रिंग जातेय.
त्या फोन उचलण्याआधी
इंग्रजीत जुळवतेय वाक्य:
तुम्ही तो टाकून तर नाही ना दिला.